त्रिकोण बंद झाला का?

आमच्या सरांना पुसलेला फळा चालत नसे, धुतलेला लागे. तास सुरू होण्याआधी शिपाईमामा ओलं फडकं घेऊन यायचे आणि फळा वाळेपर्यंत सर दारात पाठमोरे उभे राहायचे, जणू आत कुणी कपडे बदलतंय. मग आत यायचे, डाव्या हाताची करंगळी फळ्यावर एका जागी टेकवायचे आणि म्हणायचे, "आधी व्ही."

इलेक्ट्रिकल शिकलेल्या माणसाला एवढं पुरे. बाकीच्यांसाठी थोडं सांगते, घाबरू नका. विजेच्या यंत्रांचा हिशोब आकड्यांनी करता येतो तसा बाणांनीही करता येतो. बाण जितका लांब तितका दाब किंवा प्रवाह जास्त, आणि बाणाचा कल सांगतो की तो दुसऱ्याच्या किती पुढे आहे किंवा किती मागे. या चित्राला फेजर डायग्राम म्हणतात. सिंक्रोनस मोटरची फेजर डायग्राम हा आमच्या अभ्यासक्रमातला एक धडा, परीक्षेत फार तर एक प्रश्न. सरांनी त्याच्यावर जन्म काढला. ट्रान्सफॉर्मर ते उरकून टाकायचे, डीसी मोटर कर्तव्य म्हणून शिकवायचे, आणि सिंक्रोनस मोटर आली की शर्टाच्या बाह्या दुमडायचे.

व्ही म्हणजे बाहेरून तारेतून येणारा दाब. तो आडवा काढायचा. ई म्हणजे फिरता फिरता मोटर स्वतः तयार करते तो दाब. तो व्हीच्या किंचित खाली कललेला. मग ईच्या टोकापासून तिसरा बाण काढायचा, हिशोबात येईल तेवढ्याच लांबीचा आणि त्याच दिशेचा. तो व्हीच्या टोकाला जाऊन बरोबर टेकला तर सगळं बरोबर. नाही टेकला तर कुठंतरी घोळ आहे. सर याला 'त्रिकोण बंद होणं' म्हणायचे. पट्टी नाही, कोनमापक नाही. एक वीत म्हणजे शंभर व्होल्ट. कॉलेजनं वर्गाला दिलेली लाकडी पट्टी त्यांनी खिडकीला टेकू म्हणून लावून टाकली होती.

माणूस उंच, काटकुळा, मूळचा पैठणचा. घरात दखनी उर्दू, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्हींची भेळ. शर्टाच्या खिशात शुक्रवारच्या नमाजाची घडीची टोपी असायची आणि तिच्या शेजारी खडू, त्यामुळे टोपीची एक बाजू कायम जास्त पांढरी. फळ्यावर बाणाऐवजी नुसती रेघ काढणाऱ्याला ते "काडी काढलीस" म्हणायचे. "काडीला तोंड नसतं बेटा. कुठं चालली ते तिला बी ठाऊक नाय आन् तुला बी नाय." सगळ्या कॉलेजात त्यांचं नाव होतं बाणवाले सर. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही, असं माझं मत आहे.

मी सोयगावची. वडिलांचं बाजारात बी-बियाण्यांचं दुकान. मी इलेक्ट्रिकलला आले ती आवडीनं नव्हे. या शाखेत जागा रिकामी होती आणि मी बारावीला बरी होते, एवढाच संबंध. वर्गात मुली मूठभर, आणि पहिल्या बाकावर बसायची मला खोड. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर सुंदर चित्र काढलं. मी दोन रंगांची पेनं वापरून ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. सगळ्यांनीच घेतलं. सर हात झटकून वळले.

"झालं उतरवून?"

"हो सर."

"समद्यांचं?"

"हो सर!"

"मंग शाबास. मी मोटर शिकवायला आलो, तुम्ही समद्यांनी गपचूप जनरेटर उतरवून घेतला. ई व्हीच्या वर काढलाय मी. वर असला की यंत्र वीज खात नाय, वीज देतं. वाळूजचा एक कारखाना आत्ता तुमच्यामुळं माल बनवायचं सोडून वीज विकायला बसला."

आम्ही गार. मग त्यांनी नियम सांगितला. रोजच्या पहिल्या चित्रात ते मुद्दाम एक खोट टाकणार. ती ज्याला सापडेल त्यानं उठून फळ्यापाशी यायचं, खडू घ्यायचा आणि दुरुस्त करायचं. मार्क वगैरे काही नाही. सर हात मिळवायचे, तेवढंच. पण त्या हात मिळवण्यासाठी पोरं मरायला उठायची. जन्मात कधी मान वर करून फळ्याकडे न पाहिलेली मागच्या बाकावरची मंडळी तिसऱ्या आठवड्यात डोळे फाडून बसू लागली. मला पहिली खोट सापडली ती खूप उशिरा, तेव्हा सरांच्या हाताचा खडू माझ्या तळव्याला लागला आणि मी दिवसभर हात धुतला नाही. आज हे लिहिताना हसू येतं, पण खरं आहे.

फोटो काढायला त्यांची सक्त मनाई होती. "फोटू काढलास म्हंजे खोट बी घरी घेऊन गेलास." आमच्या नंतरच्या एका तुकडीतल्या दीडशहाण्यानं तरी चोरून फोटो काढलाच, तोही दुरुस्तीच्या आधी, आणि तो खालच्या वर्गांच्या ग्रुपवर फिरला. पुढच्या परीक्षेत एकाच खोलीतल्या झाडून सगळ्या मुलांनी मोटरच्या प्रश्नाला जनरेटर काढला. पेपर तपासणाऱ्यांना वाटलं सामुदायिक कॉपी. सर चौकशीला गेले आणि म्हणाले, कॉपी नव्हे साहेब, ही माझीच खोट आहे, मी तिला अक्षरावरून ओळखतो.

सरांच्या डोक्यात ते बाण सतत फिरत असायचे, तेही डावीकडून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, कारण फेजर तसेच फिरतात असा जगाचा संकेत आहे. संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर सगळं गाव एका दिशेनं फेऱ्या मारी आणि सर एकटे उलटे. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा सलाम घ्यावाच लागे, त्यामुळे ओळखी प्रचंड. क्रांती चौकात रिक्षा वळली की ते हळहळायचे. "आख्खं शहर उलटं फिरतं बघ. इंग्रजानं डाव्या अंगानं गाड्या चालवायला शिकवल्या, तवाच घोटाळा झाला." रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघायचा आणि वेग वाढवायचा.

याच मैदानावर त्यांनी आम्हाला सिंक्रोनस मोटरचा स्वभाव शिकवला. ही मोटर भारी हट्टी असते. कितीही ओझं टाका, वेग तसूभर कमी करत नाही; फक्त एका कोनानं मागे रेलते. ओझं वाढलं की कोन वाढतो. फार वाढला की पकड सुटते आणि मग मोटर थांबतेच. पुस्तकात हे दीड पान आहे. सरांनी वर्गातली दोन पोरं मैदानाच्या मधोमध उभी केली, शिपाईमामांच्या उपरण्याचं एक टोक एकाच्या हातात आणि दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, गोल फिरा, पावलाला पाऊल. पुढचा व्ही, मागचा ई.

"आता ई च्या पाठीवर दप्तरं टाका."

आम्ही एकेक दप्तर अडकवत गेलो. मागचा पोरगा माझ्याच तालुक्यातला, दांडगा. पाय त्यानं मंद होऊ दिले नाहीत, पण हळूहळू मागे पडत गेला आणि उपरणं ताणत गेलं.

"वेग कमी झाला का?"

"नाय सर," तो धापा टाकत म्हणाला, "पण लई जड झालंय."

"जड व्हऊ दे. कोन बघा पोरांनो! काम त्या कोनामुळं होतंय. दोघं चिकटून चालले असते तर उपरणं ढिलं, काम सुन्ना. अजून एक दप्तर!"

ते दप्तर माझं होतं. उपरणं त्याच्या हातातून निसटलं आणि तो सगळ्या दप्तरांसकट गवतात बसला. सर टाळ्या वाजवत धावले. "सुटली! मोटर सुटली! बघितलं का, वेग शेवटपर्यंत तोच, आन् मंग एकदम सुटली!" असा आनंद मी नंतर माणसांच्या लग्नातसुद्धा पाहिला नाही. तो पोरगा आज एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि अजून म्हणतो की त्या दिवसापासून त्याची कंबर धरते.

उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर सरांचं घर. पोरांना तिथं मज्जाव नव्हता, पण जेवणाच्या वेळी गेलेलं बरं, कारण चाचींच्या हाताला चव होती. चाची म्हणजे सरांच्या पत्नी. शिक्षण सातवीपर्यंत, आणि सरांना गप्प करू शकणारी पृथ्वीवरची एकमेव व्यक्ती. एकदा मी जेवायला बसले आणि पहिल्या घासाला थबकले. डाळीत मीठच नव्हतं. चाची पदराआड हसत होत्या.

"आज मैं खोट डाली. तुम्हारे सर कू बोली, निकालो. पूरी रोटी खा गए, इनकू पताच नै!"

सर गंभीरपणे म्हणाले, "मला वाटलं डॉक्टरनं सांगितलं आसंल." आणि ताटाच्या कडेचं मीठ घेऊन डाळीत कालवू लागले. डॉक्टरनं खरोखरच बरंच काही सांगितलेलं होतं. साखर होती त्यांना, जुनी, आणि ती ते गोड चहानं मुरवत होते.

आता तो तपासणी समितीचा किस्सा सांगायलाच हवा, नाहीतर सरांना ओळखणारी माणसं मला रागावतील. बाहेरून मोठमोठे प्राध्यापक कॉलेजची तपासणी करायला आले होते. महिनाभर भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, आम्हाला नवी ओळखपत्रं. त्यातले एक साहेब कुणालाही न सांगता सरांच्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसले. फळ्यावर त्या दिवशीची खोट नुकतीच टाकून झाली होती आणि ती कुणालाच सापडत नव्हती. मागे दारात प्रिन्सिपॉल रुमालानं मान पुसत उभे. शेवटी साहेबांना राहवलं नाही. ते उभे राहिले आणि अत्यंत सौम्य आवाजात इंग्रजीत म्हणाले की प्राध्यापक महोदय, तुमचा प्रवाहाचा बाण चुकलाय.

प्रिन्सिपॉलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सर मात्र दोन्ही हात पसरून बाकांमधून धावत गेले.

"शाबास! वा! पोरांनो, टाळ्या! या, या साहेब, खडू घ्या."

आणि काही कळायच्या आत त्यांनी साहेबांना फळ्यापाशी नेलं. साहेबांनीही हसत खडू घेतला, प्रवाहाचा बाण दुरुस्त केला आणि त्या भरात बाणाचं तोंड उलटीकडे काढलं. पन्नास घशांतून एकदम आवाज आला, "सर, खोट!" साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागले. नंतर प्रिन्सिपॉलांच्या खोलीत बिस्किटं खाताना ते म्हणाले म्हणे, की इथली मुलं फार निर्भय आहेत. प्रिन्सिपॉल पुढे वर्षभर ते वाक्य सगळ्यांना ऐकवत होते. सरांना मात्र त्यांनी पुन्हा कुठल्या समितीसमोर येऊ दिलं नाही.

मी शिकले, बाहेर नोकरी केली, कंटाळले आणि त्याच कॉलेजात शिकवायला परत आले. सर वर्गात सगळ्यांसमोर मला मॅडम म्हणू लागले आणि वर्गाबाहेर बेटा. दोघांच्या टेबलांमध्ये एक कपाट. एव्हाना प्रत्येक वर्गात प्रोजेक्टर आला होता आणि बटण दाबलं की तयार फेजर डायग्राम भिंतीवर उमटायची, रंगीत आणि बिनचूक. सर तिच्याकडे लग्नातल्या कागदी फुलांकडे बघावं तसं बघायचे. "लई छान हाय. पण ही काढली कुणी? कुठून सुरू केली? पोराला टोक दिसतं, हात दिसत नाय."

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते कपाटामुळे. कपाटाचं दार कुणीतरी उघडं ठेवलं होतं आणि सर सरळ त्याच्यावर जाऊन आदळले. "मधूनच कुठून आलं हे?" म्हणाले. मग मी बघत गेले. चहाचा ग्लास ते टेबलावर ठेवण्याआधी टेबल बोटानं चाचपायचे. पोरांनी हात वर केलेला त्यांना कळत नसे, आणि पोरांनी हे माझ्या आधी ओळखलं होतं. कुणीही न शिकवता सगळी पोरं हात वर करायच्या ऐवजी आपलं नाव सांगून प्रश्न विचारू लागली होती. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. इंजेक्शनं झाली, लेझर झाला. कडेकडेनं धूसर उजेड उरला होता, मधलं सगळं गेलं होतं. आणि हा माणूस रोज फळ्यावर वीत वीत मोजून त्रिकोण बंद करत होता.

कसं, ते मी एक दिवस मागे बसून पाहिलं. ती डावी करंगळी. जिथून सगळे बाण निघतात त्या बिंदूवर ती टेकलेली असायची आणि चित्र पुरं होईपर्यंत हलत नसे. बाकी सगळं हाताला पाठ होतं.

विभागप्रमुख वयानं माझ्याएवढे, माणूस चांगला. त्यांनी सरांना बोलावलं, मलाही बसवून घेतलं, आणि आता ग्रंथालयाचं काम बघा, पगाराला धक्का नाही, निवृत्तीला शेवटचं सत्र राहिलंय, उगाच पडलात-झडलात तर आम्हाला काय वाटेल, असं नीट शब्दांत सांगितलं.

"साहेब," ते म्हणाले, "त्रिकोण बंद होतोय तवर मला फळ्यावर राहू द्या. ज्या दिवशी बंद होणार नाय त्या दिवशी मी स्वतः खडू खाली ठेवीन. दुसऱ्या दिवशी येणार नाय."

"पण सर, ते बघायचं कुणी?"

सरांनी माझ्या दिशेनं बोट केलं, थोडं चुकून, माझ्या उजवीकडच्या भिंतीकडे. "ही बघंल. दर सोमवारी हिला माझ्या तासाला बसवा. हिला खोट काढायची सवय हाय."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. जगात इतकी माणसं असताना हे ओझं माझ्याच अंगावर का? बाहेर आल्यावर मी तसं म्हटलंही. ते जिन्याचा कठडा धरून उतरत होते.

"आपली पोरं लई चांगली हायत बेटा," ते म्हणाले. "तोच तर वांधा हाय."

पहिल्या सोमवारी बाण टेकला. दुसऱ्या सोमवारी टेकला. चित्र पुरं झालं की सर वर्गाला विचारत, "बंद झाला का?" आणि वर्ग ओरडे, "झाला सर!" मग ते मला विचारत, "मॅडम?" आणि मी म्हणे, "झाला सर." खोट टाकणं त्यांनी आता सोडून दिलं होतं; म्हणत, सध्या एकच खोट शोधायची हाय, तिच्यात दुसरी मिसळायला नको. दिवाळी गेली, थंडी पडली. सत्र संपत आलं. निरोप समारंभासाठी पोरांनी वर्गणी काढायला सुरुवात केली होती आणि मला वाटू लागलं होतं की निभावलं.

त्या सोमवारी उदाहरण सोपं होतं. जास्त जोर दिलेली मोटर, म्हणजे ई लांब. सरांनी करंगळी टेकवली. "आधी व्ही." व्ही निघाला, नेहमीसारखा, ओळंबा आडवा धरल्यासारखा. मग खडू परत बिंदूवर आला आणि ई सुरू होणार तेवढ्यात दार उघडलं. आधीच्या तासाला पाण्याची बाटली विसरून गेलेली एक मुलगी दारातून म्हणाली, "आत येऊ का सर?"

सर वळले. "ये ये." आणि परत फळ्याकडे फिरले. करंगळी परत टेकली. पण जिथं होती तिथं नाही.

मला दिसलं. सगळ्यांना दिसलं. पुढच्या बाकावरच्या पोरानं पेन खाली ठेवलं. सर त्याच ऐटीत ई काढत गेले, वीत मोजली, कोन साधला, टोकाला झोकात बाणाचं तोंड काढलं. मग तिसरा बाण, खालून वर, व्हीच्या टोकाकडे. तो आला आणि अलीकडेच थांबला. मधे काळा फळा.

सर हात झटकून वळले. "बंद झाला का?"

"झाला सर!" वर्ग ओरडला. एवढ्या जोरात तो कधी ओरडला नव्हता. पाण्याची बाटली घेतलेली ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तीही ओरडली.

"मॅडम?"

किती सोपं होतं ते. एक शब्द. शिवाय वर्गानं तो माझ्या आधी उच्चारून टाकला होता, मला नुसती मान हलवायची होती, तीही त्यांना दिसली नसती. सत्राचे मोजके तास राहिले होते. त्या फळ्याव्यतिरिक्त या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. चाची वर्षभरापूर्वी गेल्या होत्या आणि घरी भिंतींशी बोलायला ते कधी शिकले नव्हते. विभागप्रमुखांनी मला विचारलं असतं तर मी हसत खोटं बोलले असते. पण विचारत होते ते स्वतः. मान किंचित पुढे, खडूचा हात हवेत, उत्तराची वाट बघत. या माणसानं मला जे शिकवलं ते सगळं त्या एका प्रश्नात होतं, आणि त्याला मी खोटं उत्तर दिलं असतं तर मी त्याला म्हातारा, आंधळा, कीव करण्याजोगा माणूस ठरवलं असतं. ते मला जमेना.

"नाही सर," मी म्हणाले. "नाही झाला."

मागून कुणीतरी रागानं "मॅडम!" म्हणालं.

"किती ऱ्हायला?"

"दोन बोटं."

"दाखव."

मी उठून फळ्यापाशी गेले. त्यांचा हात धरला, तर्जनी तिसऱ्या बाणाच्या टोकावर ठेवली, मग व्हीच्या टोकावर. खडूच्या रेघा बोटाला लागतात, पण हलक्या हातानं. त्यांनी ते अंतर दोन बोटं टेकवून मोजलं. पुन्हा मोजलं.

"दोन नाय," ते म्हणाले. "दीड."

कुणीच हसलं नाही. तेच हसले. मग वर्गाकडे तोंड करून म्हणाले, "लई लाड केले माझे तुम्ही. पण मोटर लाडानं चालत नसती पोरांनो. उद्यापासून मॅडम शिकवतील." खडू त्यांनी फळ्याखालच्या फळीवर ठेवला, हाताला लागलेली पूड रुमालानं नीट पुसली आणि दाराकडे निघाले. मी मागे धावले. वर्गात काय चाललंय याचं मला भान नव्हतं.

जिन्यात मी त्यांना गाठलं आणि रडू कोसळलं. मला माफ करा, असं काहीतरी म्हणाले असेन. सर एक पायरी खाली होते, त्यामुळे आमची डोकी एका उंचीला आली होती.

"येडी हायेस का तू? कशाबद्दल माफी?" ते म्हणाले. "आगं, सहा महिने मला रातीला झोप नव्हती. त्रिकोण खरंच बंद होतोय, का पोरं आन् तू मिळून झाकताय, काय कळायचं नाय. समदे झाला म्हणायचे, आन् घरी गेलो की वाटायचं, म्हाताऱ्याची दया करतेत." त्यांनी कठडा चाचपला आणि पाय खालच्या पायरीवर ठेवला. "आज तू नाय म्हणालीस बेटा. म्हंजे आदुगरचे समदे बंद झालते."